अंजीर कुठलं लावायचं

काजवालीला कुणी म्हटलं असतं, की बाई, आयुष्यात तू स्वतः निवडलेली एक वस्तू दाखव, तर ती बराच वेळ घरभर नजर फिरवत राहिली असती. शेवटी तिने नवऱ्यालाच हाक मारली असती, "अहो, मी काय निवडलंय हो?" आणि त्याने आतल्या खोलीतून, जागचा न उठता, उत्तर दिलं असतं.

शर्टांच्या कारखान्यात ती काज करायची. कापडाची पट्टी मशीनखाली सरकवायची, पायाने दाबायचं, खटखटखट, काज तयार. मग पुढची पट्टी. कॉलरवाली होती, बाहीवाली होती, तशी ही काजवाली. रंग कुठला, कापड कुठलं, दोन काजांत अंतर किती, सगळं वरून ठरून यायचं, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. घरी वेगळं काय होतं? नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये बसून खालच्या माणसांवर ओरडायची सवय, म्हणून बंदरावर त्याला भोंगा म्हणायचे. भोंगा घरात आला तरी क्रेनवरून उतरायचा नाही. पडदे कुठल्या रंगाचे, मुलाने काय शिकायचं, पाहुण्यांचं बूड कधी हलवायचं, सगळं तोच ठरवणार. ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल ते." कुढत म्हणायची असंही नाही. ज्याला ठरवायची हौस आहे त्याने ठरवावं, आपल्या डोक्याला ताप कशाला, असा तिचा सरळ हिशेब.

माणूस वाईट नव्हता. संत्रं सोललं तर आधी तिच्या हातावर फोड ठेवायचा. फक्त ती संत्र्याची हवी की मोसंबीची, हे विचारायचा नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने गावाच्या कडेला चाळीतलं शेवटचं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे मातीचा एक लांबट पट्टा, ज्याच्या टोकाला उन्हात तापणारी विटांची भिंत. घर बघायला गेले तेव्हा भोंगा खोल्यांत शिरलाच नाही, सरळ मागे गेला आणि भिंतीला हात लावून म्हणाला, "इथे अंजीर."

अंजिराचं वेड जुनं होतं. पूर्वी एकदा बोटीवरून माल उतरवताना ताज्या अंजिरांची पेटी त्याच्या क्रेनच्या आकड्यावरून सुटली आणि धक्क्यावर फुटली. तो खाली उतरेपर्यंत हमालांनी चांगली चांगली गट्टम केली होती. त्याच्या वाट्याला दोन चेंगरलेली आली. ती त्याने चाटूनपुसून खाल्ली आणि पुढची सगळी वर्षं त्या दोन फळांचं वर्णन करून बायकोचे कान किटवले. तिने स्वतः ताजं अंजीर कधी खाल्लं नव्हतं.

रस्त्याच्या वळणावर एक नर्सरी होती. तिथली मालकीण, तोंडाने फटकळ पण सरळ बाई, भोंग्याच्या तोडीस तोड निघाली. दर रविवारी दोघांची जुगलबंदी चालायची आणि काजवाली कुंड्यांमध्ये उभी राहून ऐकायची.

"काळं घ्या," नर्सरीवाली म्हणायची. "फळ लहान, पण गोड. भिंतीशी बरोबर वाढेल."

"हिरवं मोठं असतं."

"मोठं असतं आणि पाऊस लागला की फुटतं. मग मुंग्यांना घाला."

"दोन्ही लावतो. एक काळं, एक हिरवं."

"साहेब, तुमचा पट्टा केवढा, बोलताय केवढं! अंजिराच्या मुळ्या म्हणजे साप. ड्रेनेजच्या पाइपात घुसल्या की मला शिव्या घालाल. तळ काढलेलं पिंप पुरा आणि त्यात एकच लावा."

मग बेऱ्यांवर यायचे. स्ट्रॉबेरी भिंतीच्या पुढ्यात, यावर दोघांचं एकमत. रासबेरी कुंपणाला, पण ती जमिनीखालून पळते, लक्ष ठेवावं लागेल. ब्लूबेरीला आंबट माती लागते, ती कुंडीतच. आणि तुती. तुती भोंग्याला हवीच होती, मागच्या दाराजवळ, सावलीला. त्यावर मात्र काजवालीने एकदा तोंड उघडलं.

"तिथे कपडे वाळत घालते मी. तुतीचे डाग जात नाहीत हो."

"कपडे दुसरीकडे घाल."

"दुसरीकडे कुठे?"

"बघू," तो म्हणाला. भोंग्याचं 'बघू' म्हणजे विषय संपला.

हे असं पाच-सहा रविवार चाललं आणि रोप एकही घरी आलं नाही. मग एका सकाळी तो दाढी करायला गेला. न्हाव्याने नंतर रडत रडत सांगितलं ते असं: साहेब खुर्चीत बसले, फेस लावला, अर्धी दाढी झाली. तोपर्यंत अंजिराच्या गोष्टी चालल्या होत्या. मग ते म्हणाले, "काळं पिंप गोड असतं, भिंत मोठी खातात," आणि न्हावी हसला. त्याला वाटलं साहेब गंमत करतायत. साहेब आणखी काहीबाही बोलत राहिले आणि हा आणखी हसत राहिला. शेवटी तोंड वाकडं झालेलं आरशात दिसलं तेव्हा वस्तरा त्याच्या हातून पडला.

दवाखान्यात काजवाली पोहोचली तेव्हा भोंग्याच्या एका गालावर अजून वाळलेला फेस होता. तिने तो ओल्या रुमालाने पुसला. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. वाचाही गेली म्हणाले, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी नर्सने पाणी पुढे केलं आणि तो स्पष्ट म्हणाला, "नको." सगळ्यांना केवढा आनंद झाला! मुलगा तर नाचायचा बाकी राहिला. नर्सने पाणी मागे घेतलं, तर हा डाव्या हाताने पेल्याकडे झेपावला आणि पुन्हा "नको, नको." पेला हातात दिला तेव्हा घटाघटा प्यायला.

डॉक्टरांनी समजावलं. आत सगळे शब्द असतीलही, पण बाहेर यायच्या वाटेवर पडझड झालीय. जे काही बोलायला जातील ते या एकाच शब्दाच्या रूपाने बाहेर पडेल. पाणी हवं असेल तरी नको, मुलगा आला तरी नको. हो-नाहीची मानही भरवशाची नाही. सुधारेल का? डॉक्टरांनी खांदे उडवले.

काजवालीने कारखाना सोडला आणि नवऱ्याला घरी आणलं. सगळ्या जगाला दिशा देणारा माणूस आता दिवसभर खाटेवर एक शब्द घेऊन पडायचा. पण ती सतत त्याच्याजवळ असे, आणि कानाला सवय होते. एक नको शेवटाला लांबायचा, वर चढायचा, 'नकोऽऽ', तो हवं असतानाचा. एक तुटक, खाली उतरणारा, तो खरोखरच्या नकोचा. एक भरभर, एकापाठोपाठ, तो राग आल्यावरचा. महिन्या-दोन महिन्यांत ती असं काही बिनचूक सांगायला लागली, की मुलगा आणि सून तोंडात बोट घालायचे.

"आई, काय म्हणतायत?"

"उशी उंच झालीय म्हणतायत."

उशी काढली की भोंगा गप्प. ही विद्या फक्त तिला येत होती. पाहुणे यायचे, भोंग्याशी बोलायचे आणि उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघायचे. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडाकडे असं कुणी बघितलं नव्हतं. तिची पाठ जरा ताठ झाली. आवाजही थोडा चढला, हे सुनेच्या लक्षात आलं.

त्यानेच एकदा खिडकीतून भिंतीकडे बोट केलं. "नकोऽऽ." तिला कळलं. चाकाच्या खुर्चीत घालून ती त्याला नर्सरीत घेऊन गेली. नर्सरीवालीने त्याला बघितलं आणि तिचं फटकळ तोंड बंद पडलं. मग ती मुकाट्याने रोपं आणून त्याच्या पुढ्यात मांडायला लागली.

काळं अंजीर. "नकोऽऽ."

"हे हवंय," काजवाली म्हणाली.

"अहो ताई, नको म्हणतायत ते."

"तुम्हाला नाही कळायचं त्यांचं."

हिरवं अंजीर आणलं. त्याच्याकडे भोंगा बराच वेळ बघत राहिला, डाव्या हाताने खरखरीत पान चोळलं आणि तुटक म्हणाला, "नको." म्हणजे त्याने नर्सरीवालीचं ऐकलं होतं, एकच लावायचं. काजवालीला भरून आलं. स्ट्रॉबेरीची रोपं घेतली, रासबेरीच्या काड्या घेतल्या, ब्लूबेरी कुंडीसकट घेतली. सगळं त्याला विचारून, त्याच्या स्वराकडे कान देऊन.

मग तुती आली. कंबरेएवढं, टवटवीत रोप. भोंग्याचा चेहरा उजळला. वाकड्या तोंडाने जेवढं हसता येईल तेवढा हसला आणि म्हणाला, "नकोऽऽ." शेवटचा स्वर एवढा लांबला की शेजारच्या गिऱ्हाइकाने वळून बघितलं.

"तुतीचं काय म्हणतायत?" नर्सरीवालीने विचारलं.

काजवालीच्या डोळ्यांपुढे दोरीवरचे कपडे आले. आता तर रोजच्या चादरी होत्या, त्याच्या ओल्या चादरी, दिवसातून दोनदा धुतलेल्या. ती म्हणाली, "तुती नको म्हणतात."

नर्सरीवालीने रोप उचललं. भोंग्याने बायकोकडे बघितलं. ओरडला नाही, हात आपटला नाही. नुसतं बघितलं, खालून वर, खुर्चीत बसून. तिने खुर्चीचा ब्रेक काढला आणि पैसे द्यायला वळली.

घरी येईपर्यंत ती स्वतःला समजावत होती. चादरी काय तो धुतो? शेवटी राबायचं कुणाला? आणि खरंच होतं ते. पण त्यानंतर असं सोपं होत गेलं. दूरदर्शन बंद करायचं असलं की 'ते नको म्हणतात.' नणंदेला महिनाभर राहायला यायचं होतं, 'त्यांना गर्दी नको वाटते.' भोंगा पडल्या पडल्या ऐकायचा. कधी भरभर ओरडायचा, नको नको नको नको, आणि ती दार लावून घ्यायची.

तरी ते दिवस अगदीच वाईट नव्हते. भिंतीशी पिंप पुरलं, त्यात अंजीर लागलं. संध्याकाळी ती त्याची खुर्ची बाहेर आणायची. नळीने पाणी घालताना धार कुठे धरायची हे तो डाव्या हाताने दाखवायचा, अगदी क्रेनवर खुणा करतात तशा. जास्त झालं की मूठ मिटायचा. अंजिराला नवं पान फुटलं की दोघंही ते बघायचे. स्ट्रॉबेरीला पांढरी फुलं आली.

मग त्याला गिळताना ठसका लागायला लागला. आधी पाण्याचा, मग सूपचा, मग साध्या थुंकीचा. अन्न चुकीच्या वाटेने छातीत जात होतं. ताप चढला, श्वास घरघरायला लागला आणि पुन्हा तोच दवाखाना. ताप उतरला, पण गिळणं काही परत आलं नाही. तेव्हा डॉक्टरांनी काजवालीला आणि मुलाला खाटेशी उभं करून सांगितलं, की दोन रस्ते आहेत. पोटात नळी बसवू, तिच्यातून अन्न जाईल, काही महिने, कदाचित वर्षं निघतील. किंवा नळी नको. मग चमच्याने जेवढं जाईल तेवढं, त्रास होऊ नये म्हणून औषधं, आणि फार दिवस नाहीत.

डॉक्टर भले होते. ते वाकून थेट भोंग्याशी बोलले. "बाबा, पोटात नळी घालू का? तोंडाने जेवता येणार नाही परत. घालू?"

भोंगा म्हणाला, "नको."

तुटक. खाली उतरणारा. मग त्याने डावा हात चादरीबाहेर काढला, बायकोचं मनगट धरलं आणि तिच्याकडे बघत पुन्हा म्हणाला, आधीपेक्षा हळू, "नको."

"नको म्हणतायत," डॉक्टर म्हणाले.

"ते सगळ्यालाच नको म्हणतात," मुलगा घाईघाईने म्हणाला. "पाण्यालासुद्धा. आईला कळतं त्यांचं. आई, काय म्हणतायत?"

डॉक्टर तिच्याकडे वळले. नर्सही वळली. सगळ्या वॉर्डाला तिनेच तर अभिमानाने सांगून ठेवलं होतं, की यांचं नको म्हणजे नको नसतं.

मनगटावर त्याची बोटं होती. अजून ऊब होती त्यांत. ही बोटं गार झाल्यावर आपण त्या दोन खोल्यांत काय करायचं, कुणासाठी उठायचं, हे तिला दिसेना. मुलाचा चेहरा लहान झाला होता, ताप आलेल्या पोराच्या चेहऱ्यासारखा. ती म्हणाली, "चालेल म्हणतात. घाला."

भोंग्याने मनगट सोडलं.

नळी बसली. तो घरी आला आणि त्यानंतर एक शब्द बोलला नाही. तो एकुलता एक शब्दही नाही. डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकला असेल. सून म्हणाली, थकले असतील. काजवालीने सगळ्या तऱ्हा केल्या. मुद्दाम उशी उंच ठेवली, मुद्दाम खिडकी लावून घेतली, की तो ओरडेल, रागावेल. तो छताकडे बघत पडून राहायचा. फक्त डावा हात मधूनमधून पोटाकडे जायचा आणि नळी ओढायचा. एकदा ओढून काढलीही, सगळीकडे रक्त आणि दूध. मग नर्सने शिकवलं तसं त्या हाताला कापडी पिशवी घालून ती खाटेच्या दांडीला बांधायला लागली. पिशवी तिनेच शिवली. बंद अडकवायला काज केलं. वर्षानुवर्षं केलेलं काम, हात आपोआप चालला. शिवून झाल्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसून राहिली.

स्ट्रॉबेऱ्या पिकल्या. पहिली पिकलेली तिने त्याच्या नाकाशी धरली. वास तरी घ्या म्हणाली. त्याने डोळे मिटले. तिने ती कुस्करून थेंबभर रस त्याच्या ओठांना लावला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. रस गालावर ओघळला, तो तिने पुसला. बाकीच्या स्ट्रॉबेऱ्या पाखरांनी खाल्ल्या.

सात-आठ महिने तो असाच राहिला. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. एका दुपारी ती नळीतून दूध ओतत होती आणि दूध खाली जाईना. तिने वर बघितलं तर तो गेला होता. केव्हा गेला, तेही तिला कळलं नाही. तिने आधी पिशवीचा बंद सोडला, हात मोकळा करून छातीवर ठेवला, आणि मग मुलाला फोन केला.

कारखान्याने तिला परत घेतलं. काजाच्या मशीनवर आता दुसरी बाई होती. हिला धागे कापायला बसवलं. लोक म्हणायचे, खूप केलंत हो तुम्ही त्यांचं. ती मान हलवायची आणि धागे कापायची. शेजारच्या बाईंना ऐकायला कमी येई. त्यांच्यासोबत एकदा दवाखान्यात गेली, तर डॉक्टर सवयीने हिलाच विचारायला लागले, काय होतंय यांना. ही एकदम उठून उभी राहिली. "मला नका विचारू. त्यांना विचारा. ओरडून विचारा, पण त्यांनाच विचारा." डॉक्टर चमकले, शेजारीणही चमकली.

पुढच्या वर्षी अंजीर धरलं. फार नाही, ओंजळभर असेल. मुलगा रविवारी आला होता. तिने पिकलेली तीन तोडली. देठाचा पांढरा चीक बोटांना लागला, तो मातीला पुसला, आणि दोघं मागच्या पायरीवर बसून खायला लागले. तिला चव काही विशेष वाटली नाही. गुळमट, मऊ, आत बारीक वाळू असल्यासारखं. एवढं वेड लागण्यासारखं काय होतं यात, हे तिला विचारावंसं वाटलं.

मुलाने फळ अर्धं खाल्लं आणि अर्धं हातातच धरून ठेवलं.

"आई, त्या दिवशी दवाखान्यात. बाबा नकोच म्हणाले होते ना?"

तिने तोंडातला घास गिळला. "हो."

"मला कळलं होतं."

ती त्याच्याकडे वळली. "तुला कसं कळलं?"

"कळायला काय लागतं? तुझा हात धरून बोलले ते. आंधळ्यालाही कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला तुझ्या तोंडून हवं होतं," मुलगा म्हणाला. "'घाला' हे. तू म्हणालीस की झालं, माझ्यावर काही नाही." मग म्हणाला, "तू खरं सांगितलं असतंस तर मी तुला आयुष्यभर माफ केलं नसतं, असं तेव्हा वाटत होतं."

"आणि आता?"

त्याने हातातलं उरलेलं अंजीर पायरीवर ठेवलं, हात धुतले आणि गेला. मुंग्या लगेच आल्या.

नंतर बरेच रविवार तो आला नाही. सून यायची, नातीला घेऊन, कामात आहेत म्हणून सांगायची. काजवालीने खोदून विचारलं नाही. मध्यंतरी रासबेरी कुंपणाखालून पळून शेजारच्यांच्या अंगणात उगवली आणि शेजारच्यांनी तक्रार केली, तेव्हा तिने कुदळ घेऊन ती मुळासकट काढायला घेतली. काटे हातात घुसले, पाठ धरली, अर्धीअधिक तशीच राहिली.

शेवटी मुलगा आला तो संध्याकाळचा. त्याने तिच्या हातातून कुदळ घेतली आणि राहिलेल्या मुळ्या उपसायला लागला. ती तोडलेल्या फांद्या ओढून कोपऱ्यात ढीग करत होती. अंधार पडेपर्यंत दोघं वाकून काम करत राहिले. त्या दिवसाबद्दल त्याने परत काही काढलं नाही, तिनेही नाही. जाताना तो दारात थांबून म्हणाला, हातांना औषध लाव, काटे आत राहिले तर पिकतील.

ती दिव्याखाली बसली आणि सुईने एकेक काटा काढायला लागली.